चाळीस घोडे आणि दोन दिवसांची रजा

मोटारसायकलच्या नावावरून मालकाचा अंदाज बांधू नये, असं आमचं फार जुनं मत आहे. आमच्या लहानपणी आळीत रोज पहाटे राजदूत येत असे, ती दुधाच्या दोन किटल्या घेऊन. पुढे कुणाच्या तरी जावयानं बुलेट घेतली; पण ती इतकी संथ आणि इतका आवाज करत जायची, की बंदुकीच्या गोळीपेक्षा पिठाच्या गिरणीचीच आठवण व्हावी. तेव्हा आज कोथरुडात 'हिमालयन' नावाची मोटारसायकल कोथिंबीर आणायला निघालेली दिसली, तरी आम्ही हसत नाही. पुढचं चाक एकवीस इंची, दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या अडकवायची सोय, स्वाराच्या पायात गुडघ्यापर्यंत बूट, आणि परतताना हँडलला पालकाची जुडी. असो. ज्याचा हिमालय त्याला जिथे भेटायचा तिथे भेटतो.

आज हा विषय काढायचं कारण असं, की या हिमालयनची सुधारून वाढवलेली आवृत्ती निघाली आहे आणि किंमतही चांगलीच वाढवलेली आहे. ही वाढ रास्त की अवाजवी, याचा निकाल देण्याचं काम आमच्याकडे आलं. वास्तविक आमचा या शास्त्राशी संबंध काय? आम्ही तीस वर्षं स्कूटर चालवली, आणि तीसुद्धा आधी तिरकी केल्याशिवाय सुरू होत नसे. पण भाचा म्हणाला, "मामा, तू सांगशील तसं करतो." असं म्हणणाऱ्याचं काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं, हे आम्हांला ठाऊक आहे. त्याच्या मित्राची जुनी हिमालयन चांगल्या स्थितीत विकायला आहे, आणि चिरंजीवांचा डोळा शोरूममधल्या नवीवर. त्याच्यामागून बहीण आली. ती म्हणाली, "दादा, तू म्हणशील ते खरं. फक्त कमी पडणारे पैसे माझ्या ठेवीतले आहेत, एवढं ध्यानात ठेव." तेव्हा निकालपत्र जरा काळजीनं लिहायला हवं, हे आम्ही ओळखलं.

आधी पैशाचा हिशेब. रॉयल एनफिल्डची पहिली हिमालयन २०१६ साली रस्त्यावर आली. इंजिन ४११ सीसीचं, ते गार ठेवायला वारा आणि तेल, ताकद चोवीस घोड्यांची आणि गिअर पाच. २०२३ पर्यंत तिची किंमत चढत चढत २.१६ लाखांच्या आसपास आली होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात गोव्याच्या जत्रेत नवी हिमालयन लोकांपुढे आणली. (नाव हिमालयाचं आणि मुहूर्त समुद्रकिनारी. पण आपल्याकडे काश्मीरच्या बागा महाबळेश्वरला चित्रित होतातच की.) हिचं इंजिन ४५२ सीसीचं, गार करायला रेडिएटर, चाळीस घोडे आणि सहा गिअर. मुहूर्ताची किंमत २.६९ लाखांपासून. लग्नातला आहेराचा भाव संपला की खरा भाव कळतो, तसं १ जानेवारी २०२४ पासून ती २.८५ लाख झाली. म्हणजे जुन्या-नव्यात फरक सत्तर हजारांचा.

त्यात सरकारची भर. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर उतरला आणि त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के लागला. आधी या मोठ्या गाड्यांवर उपकर धरून ३१ टक्के होता. म्हणजे ३४९ सीसीचा माणूस गरजू आणि ४५२ सीसीचा विलासी. नव्या हिमालयनची किंमत तीन लाखांपलीकडे गेली ती यामुळे. पण हा कर जुनीलाही सोडता ना, तेव्हा त्याचा दोष नवीच्या माथी मारणं बरोबर नाही. न्यायाधीशानं भावनेच्या आहारी जाऊ नये. आपण फरक सत्तर हजारांचाच धरू.

आता या सत्तर हजारांत मिळतं काय ते पाहू.

पहिली गोष्ट, वजन. जुनी १९९ किलोंची, नवी १९६. तीन किलो उतरवायला सत्तर हजार. हे ऐकून आमची ही म्हणाली, "एवढ्यात तर तुम्हीसुद्धा उतरवले असते." हा मुद्दा आम्ही निकालातून वगळला आहे.

दुसरी गोष्ट, बैठक. जुनीची जमिनीपासून ८०० मिलिमीटर, नवीची ८२५. आवडत असेल तर आणखी वर सरकवता येते. ती वर सरकवावी असं वाटणारा मनुष्य आमच्या कुळात जन्मलेला नाही. आमच्याकडे सिग्नलला पाय टेकले, की तोच मोठा पराक्रम. भाचा आईवर गेल्यामुळे त्याची टाच टेकते, एवढंच.

तिसरी गोष्ट, रंग. मुहूर्ताच्या वेळी सगळ्यांत स्वस्त रंग आणि सगळ्यांत महाग रंग यांत पंधरा हजारांचं अंतर होतं, आणि इंजिन, चाकं, घोडे सगळं एकच. महाग रंगाचं नाव 'हानले ब्लॅक'. हानले हे लडाखमधलं गाव. तिथली रात्र इतकी काळीभोर, की ताऱ्यांचा अभ्यास करायला तिथे वेधशाळा उभारली आहे. म्हणजे काळोख अस्सल आहे, यात शंका नाही. तरी पंधरा हजारांचा काळोख आमच्या गळी उतरला नाही. महावितरण तो महिन्यातून दोनदा फुकट देतं.

चौथी गोष्ट, पडदा. जुनीला साधी घड्याळं होती आणि त्यांत चक्क एक होकायंत्र होतं. ते कशाला, असं लोक विचारत. आम्हांला विचाराल तर ज्यांना दक्षिणेकडे तोंड करून बसायला आवडत नाही त्यांच्यासाठी ती चांगली सोय होती. नवीला चार इंची गोल पडदा आहे आणि फोनमधला नकाशा त्यावर उमटतो. यंत्र म्हणून हे झकास आहे. पण त्यामुळे पानाच्या टपरीशी थांबून "दादा, हा रस्ता कुठे जातो?" असं विचारणं आणि "रस्ता कुठे जात नाही, इथेच असतो," हे उत्तर ऐकणं संपलं. प्रवासातला अर्धा विनोद यात गेला. त्याची भरपाई किमतीतून कुणी वजा केलेली नाही.

पाचवी गोष्ट, टाकी. जुनी पंधरा लिटर, नवी सतरा. मनालीकडून लेहला जाताना टांडी गावी पेट्रोलपंपावर एक पाटी वर्षानुवर्षं प्रसिद्ध आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. लिटरला तीस किलोमीटर धरले, तर जुनी साडेचारशे जाते, नवी पाचशे दहा. म्हणजे दोघीही पोचतात. नवी जरा जास्त निश्चिंत मनानं पोचते, इतकंच.

इथपर्यंत निकाल जुनीच्या बाजूनं झुकलेला वाचकांच्या लक्षात आला असेल. पण आता खरे मुद्दे येतात, आणि इथे नवीला न्याय दिलाच पाहिजे.

दोन्ही गाड्यांवर मागे बसून आम्ही सिंहगडाचा घाट चढलो. (पुढे भाचा होता. मागे बसणाराच खरा परीक्षक. पुढचा गाडीच्या प्रेमात असतो, मागच्याचं प्रेम फक्त स्वतःच्या मणक्यावर असतं.) जुनी गाडी जोर लावते तो चार-साडेचार हजार फेऱ्यांतच. स्वभाव बैलाचा. वळणावर वेग पडला तरी कुरकुर नाही, गिअर बदला म्हणून हट्ट नाही. मान खाली घालून ओढत राहते. नवीचा जोर साडेपाच हजारांवर येतो आणि सगळे चाळीस घोडे हजर व्हायला इंजिनाला आठ हजार फेरे घ्यावे लागतात. हळू हाकली की ती घुटमळते, मोकळं सोडलं की उधळते. नवशिक्याला जुनी जास्त सांभाळून घेईल.

पण खड्डा आला की नवी जिंकते. तिचा पुढचा काटा जाड आणि चांगल्या जातीचा आहे. मागच्या बाजूला जुनीची स्प्रिंग १८० मिलिमीटर दबायची, नवीची २०० दबते. वीस मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या दोन पेरांपेक्षाही कमी. पण ही वीस मिलिमीटर नेमकी मामाच्या खाली आहेत. वाढीव किमतीचा रास्त म्हणावा असा पहिला भाग आम्हांला इथे सापडला, आणि तोही अंगाला.

दुसरा रास्त भाग उंचीवर सापडतो. खारदुंग ला ही खिंड १७,५८२ फुटांवर आहे. (तिथल्या जुन्या पाटीवर १८,३८० लिहिलेलं असे. एक्स-शोरूम आणि ऑन-रोड हा फरक डोंगरांनाही चुकलेला नाही, फक्त त्यांच्यात तो उलटा असतो.) तिथली हवा विरळ. इंजिनाला श्वास कमी, म्हणून ताकदही उतरते. ढोबळ हिशेबानं समुद्रकाठच्या ताकदीतला साठ टक्क्यांना जरा कमी इतकाच भाग तिथे उरतो. म्हणजे नवीच्या चाळीस घोड्यांतले तेवीस खिंडीवर शिल्लक राहतात, आणि जुनीच्या चोवीसांतले चौदा. गंमत बघा: खारदुंग लावरची नवी गाडी म्हणजे पुण्यातली जुनी गाडी, आणि खारदुंग लावरची जुनी म्हणजे पुण्यातली दीडशे सीसीची, हापिसात जायची गाडी. ती चढत नाही असं नाही. स्कूटरवरून तिथे जाऊन आलेली माणसं आहेत. पण मागे माणूस, दोन अंगांना पेट्या आणि समोर ट्रक अशा वेळी चौदा आणि तेवीस यांत जो फरक आहे, तो कागदावरच्या नऊपेक्षा मोठा आहे.

तिसरा भाग सपाटीवरच्या लांब पल्ल्याचा. जुनी गाडी ताशी ऐंशीला सुखात असते. शंभराला तिची धाप लागते आणि ती धाप हँडलातून आपल्या हातांत येते. नवी शंभराला गाणं म्हणते. यावर कुणी म्हणेल, की २०१८ च्या नियमानं चौपदरी रस्त्यावर दुचाकीला मर्यादा ताशी ऐंशीचीच आहे, आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे किंवा समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला पाऊलही टाकता येत नाही. मग चाळीस घोडे काय तबेल्यात बांधायला? हरकत बिनतोड आहे. पण ऐंशीनं जाणारी दमलेली गाडी आणि ऐंशीनंच जाणारी ताजी गाडी यांत फरक असतो. तो मुक्कामाला पोचल्यावर, हेल्मेट काढताना, मानेला समजतो. आमच्या अंदाजानं नवीवर माणूस दिवसाला शंभर किलोमीटर जास्त जातो, आणि संध्याकाळी जेवायला बसतो तेव्हा त्याला भूक असते.

इथवर भाचा खूश. पण या शंभर किलोमीटरांचा हिशेब आमच्या हिनं मांडला. बायकांना घोड्यांचं काही वाटत नाही. त्या थेट वाणसामानावर येतात.

"पुण्याहून लेह, जाऊन-येऊन किती?" तिनं विचारलं.

"चार हजार आठशे धर, मामी."

"त्यातलं सपाटीचं?"

"चार हजार."

"म्हणजे जुनीवर रोजचे चारशे, दहा दिवस. नवीवर पाचशे, आठ दिवस. दोन दिवस वाचले. सत्तर हजार भागिले दोन. एका दिवसाचे पस्तीस हजार. तुझा रोजचा पगार किती रे?"

भाचा गप्प. हिंजवडीत असला तरी एवढा नाही. सगळा धरून दिवसाला दोन हजार.

"मग दोन दिवस बिनपगारी घे. चार हजारांत काम होतंय. सत्तर हजार वसूल व्हायला तुला अठरा वेळा लेहला जावं लागेल. त्यापेक्षा मित्राची जुनी घे. पेट्रोल शंभर-एकशेपाच रुपये धरलं, तर सत्तर हजारांत चार वेळा जाऊन येशील."

हिशेबात चूक काढायला जागा नव्हती. आम्ही तर याच्याही पुढे जाऊन त्याला सांगितलं, की साहसाला घोडेच लागत नाहीत. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकली घेऊन जगाच्या फेरीला निघाले. त्यांतले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, फेरी पुरी करून १९२८ साली परत आले. सत्तर हजारांवर किलोमीटर झाले. सत्तर हजार हाच आकडा, बघ! त्यांनी किलोमीटर केले, तू रुपये करतोयस.

भाचा म्हणाला, "मामा, त्यांना सोमवारी हापिसात हजर व्हायचं नव्हतं."

हे उत्तर ऐकून आम्ही गप्प झालो, आणि आमच्या बहिणीनं चहाचे कप गोळा करायला सुरुवात केली. तिला दुसरंच काही आठवलं असणार. आमच्या मेहुण्यांची सरकारी कचेरीत तीस वर्षं नोकरी झाली. त्यांच्याकडे राजदूत होती. तिच्यावरून लडाखला जायचं त्यांच्या फार मनात होतं. नकाशा आणून त्यावर तांबड्या पेन्सिलीनं रेघही मारलेली होती. पण रजा घेणं त्यांच्या जिवावर येई. मार्चमध्ये हिशेब बंद व्हायचे, जूनमध्ये शाळा, दिवाळीत साहेब आधी रजेवर. रजा साठवत राहिले. निवृत्त झाले तेव्हा तीनशे दिवसांची अर्जित रजा शिल्लक होती, तिचे पैसे रोखीत मिळाले. ते ठेवीत टाकले. पुढे दोन वर्षांत ते गेले. बहीण ज्याला "माझी ठेव" म्हणते, ती हीच.

तेव्हा या खटल्यातला खरा मुद्दा आमच्या ध्यानात आला. रजा विकता येते, ती विकत घेता येत नाही. हिनं काढलेला दोन हजारांचा भाव कागदावर बरोबर आहे, पण त्या भावाला रजा कुणी देत नाही. साहेबाला दुप्पट देऊ केले तरी नाही. बाजारात रजा नाही, म्हणून माणसं रजेच्या जागी चालेल अशी वस्तू शोधतात, आणि ती सत्तर हजारांना शोरूममध्ये मिळते. चाळीस घोडे म्हणजे जे दोन दिवस आपल्याला मिळाले नाहीत, त्यांची पावती. ज्याच्याकडे तीन आठवडे मोकळे आहेत, त्याला जुनी हिमालयन पुरून उरते. तो दमला की थांबेल, चहा पिईल, दुसऱ्या दिवशी निघेल. ज्याच्याकडे दोन शनिवार-रविवार आणि मधले पाचच दिवस आहेत, त्याला जुनी फुकट दिली तरी महाग, कारण त्याचे नऊही दिवस राजस्थानातच संपतील. आणि ज्याच्याकडे रजाच नाही, त्याला दोन्ही सारख्याच. कोथिंबिरीला चोवीस घोडेही जास्त होतात.

यावरून आमचा निकाल असा.

एक: नवी हिमालयन जुनीपेक्षा जवळजवळ प्रत्येक बाबतीत चांगली आहे, आणि तिच्या निर्मात्यांनी सत्तर हजारांतले बरेचसे खरोखर लोखंडात, पाण्यात आणि स्प्रिंगांत घातले आहेत. वाढीव किंमत यंत्र म्हणून रास्त आहे. फक्त रंगाचे पंधरा हजार नामंजूर.

दोन: ही रास्त किंमत भाच्यानं द्यावी की नाही, हे गाडीवर नाही, त्याच्या हजेरीपटावर अवलंबून आहे. सबब, त्यानं आधी चौदा दिवसांच्या रजेचा अर्ज करावा. मंजूर झाले तर आठवड्याचे दोन्ही शेवट जोडून मित्राच्या जुनीवर जावं आणि ठेवीला हात लावू नये. नऊच मंजूर झाले तर नवी घ्यावी. आणि एकही न झाल्यास पैसे ठेवीतच ठेवून नोकरी बदलावी.

हा निकाल बहिणीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "दादा, नवी असो, जुनी असो, पैसे मी मोडून ठेवते. ठेव म्हणून खूप वर्षं ठेवले."

भाच्यानं त्याच दिवशी दोन्हीकडे विचारणा केली. शोरूमवाला म्हणाला, पैसे भरा, आठवड्यात गाडी घेऊन जा. हापिसातून उत्तर आलं, की अर्ज वर पाठवला आहे.